पुडीतले रंग

प्रसाधनाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा राजवाड्याच्या दारातून आत शिरतात. कस्तुरी, चंदन, केशर, सोन्याच्या डब्या, हस्तिदंती फण्या यांची वर्णने करता करता त्यांची लेखणी इतकी रमते, की वाड्याबाहेरच्या बाजारात कागदाच्या पुडीतून विकले जाणारे रंग त्यांच्या दृष्टीसच पडत नाहीत. वास्तविक ह्या देशातील फार मोठ्या समाजाने आपले डोळे, ओठ, कपाळ आणि गाल रंगविले ते ह्या पुडीतल्या रंगांनीच. हे रंग सुटे, कोरडे व स्वस्त असत. त्यांना चिकटपणा नसे. तो घरच्याच तेलाने, तुपाने, मेणाने, नाहीतर नुसत्या पाण्याने आणावा लागे. एकच पुडी देवाला, दाराच्या उंबऱ्याला, नाटकातल्या राक्षसाला आणि घरच्या सुनेला पुरत असे. आम्ही ह्या लेखात त्या पुडीचा थोडासा मागोवा घेणार आहोत. दरबारी सुगंधांची ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी अन्य ग्रंथ पुष्कळ आहेत.

आरंभ रंगभूमीपासून करणे सोयीचे, कारण चेहऱ्यावर रंग लावण्याचे पहिले पद्धतशीर शास्त्र आपल्याकडे नटांसाठीच लिहिले गेले. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग सांगितले असून त्यांच्या मिश्रणाचा हिशेबही दिला आहे. पांढऱ्यात पिवळा मिसळला म्हणजे पांडू, पांढऱ्यात तांबडा मिसळला म्हणजे पद्म, पिवळ्यात निळा मिसळला म्हणजे हरित, निळ्यात तांबडा मिसळला म्हणजे काषाय आणि तांबड्यात पिवळा मिसळला म्हणजे गौर. कोणत्या देशच्या माणसास कोणता रंग द्यावा, शक-यवनांस गौर आणि किरात-पुलिंदांस काळा, हेही त्यात नेमून दिलेले आहे. हा भाग आज वाचताना मनास जरा टोचतो. परंतु रंग मिसळण्याची रीत मात्र अशी आहे, की कोणत्याही गावच्या नाटकमंडळीने ती चार पुड्या आणून आजही करून पाहावी.

हे चार रंग यायचे कोठून? वाण्याच्या दुकानातून. पिवळ्यासाठी पिवडी नाहीतर हरताळ, तांबड्यासाठी गेरू, हिंगूळ नाहीतर शेंदूर, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळ आणि पांढऱ्यासाठी खडू, शंखजिरे किंवा सफेदा. ह्या यादीतील पिवडी, गेरू, खडू व शंखजिरे हे पदार्थ म्हणजे निव्वळ माती व दगड. ते निरुपद्रवी, पण फिके. आणि हरताळ, हिंगूळ, शेंदूर व सफेदा हे झळझळीत पदार्थ विषारी. हरताळात सोमल म्हणजे अर्सेनिक आहे, हिंगुळात पारा आहे, शेंदूर आणि जुना सफेदा ही दोन्ही शिशाची रूपे आहेत. भडक रंग आणि विष यांची ही सोयरीक आमच्या विषयाच्या मुळाशीच आहे. अवांतर सांगावयाचे तर, जुन्या पोथ्यांतील चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी लेखनिक हाच पिवळा हरताळ त्यांवर लावीत, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. आम्हां कारकुनांच्या धंद्याशी ह्या पदार्थाचे नाते असे जुने आहे.

केरळातील कथकलीत हे शास्त्र अद्याप जिवंत आहे. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली स्थापन केलेल्या कलामंडलमने ही कला तारली, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथील नट ज्यास ‘मनयोला’ म्हणतात तो आपला हरताळच होय आणि ‘चायिल्यम’ म्हणजे हिंगूळ. हे खडे दगडावर बराच वेळ घोटून खोबरेल तेलात कालवितात. पिवळ्यात नीळ घातली की धीरोदात्त नायकाचा तो प्रसिद्ध हिरवा चेहरा तयार होतो. हनुवटीभोवतीची पांढरी कड तांदळाचे पीठ व चुना यांची असते, आणि ती बसविताना नट कितीतरी वेळ डोळे मिटून उताणा पडून राहतो. डोळे लाल दिसावेत म्हणून एका रिंगणीवर्गीय झाडाच्या फुलातील बी चोळून पापणीखाली ठेवण्याची त्यांची युक्ती तर विलक्षणच आहे. ती बी डोळ्यास झोंबत नाही. हळूहळू पांढरे बुबूळ रक्तवर्ण होते आणि काही तासांनी पूर्ववत होते. हरताळ व हिंगूळ दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून कातडीवाटे त्यांचा उपद्रव कमी. खरा धोका घोटताना उडणाऱ्या धुळीचा आणि ओठांवाटे पोटात जाणाऱ्या रंगाचा. सफेद्याचेही असेच आहे.

सफेदा शिशाचा असे तेव्हा त्यास तोड नव्हती. शिशाच्या पत्र्यावर शिरक्याची वाफ धरून त्याची पांढरी भुकटी करीत. ती मऊ असते, अंगास चिकटून बसते आणि थोडक्यात सगळे झाकते. खडू अथवा शंखजिरे लावले तर खालची कातडी डोकावते. सफेदा लावला की चेहऱ्याचा कागद होतो. युरोपातील सरदारस्त्रिया ह्याच्या नादी लागल्या होत्या. सौंदर्यासाठी गाजलेली कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया १७६० साली ऐन तिशीच्या आत वारली, आणि तिच्या मृत्यूचा दोष तेव्हापासून तिच्या सफेद्याला देण्यात येतो. परंतु सरदारस्त्रीची गोष्ट निराळी व पोटासाठी रोज तोंड रंगविणाऱ्या नटाची निराळी. जपानमध्ये १८८७ साली सम्राट मेइजी यांच्यापुढे काबुकी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यात चौथा नाकामुरा फुकुसुके हा नामांकित नट उभा असताना त्याचे अंग थरथरू लागले व ते त्याला आवरेना. वैद्यांनी निदान केले ते शिशाच्या विषबाधेचे. साऱ्या देशाच्या सम्राटासमोर ही घटना घडली म्हणून तिचा बोभाटा झाला, शिशाविना पांढरी पावडर बनविण्याची खटपट सुरू झाली, आणि तरीही शिशाची पावडर कायद्याने बंद होण्यास १९३० नंतरचे दशक उजाडावे लागले. स्वस्त आणि चांगली दिसणारी वस्तू बाजारातून हलविणे किती जड जाते, याचा हा नमुना.

आपल्याकडे असा प्रसंग सम्राटापुढे घडला नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून पुढील कित्येक वर्षे मराठी नटांची रंगपेटी म्हणजे वाण्याच्याच पुड्या होत्या. आरडाओरडा करीत, पडदा फाडीत येणाऱ्या राक्षसाचे तोंड भडक तांबडे, देवाचे पिवळसर गोरे, आणि स्त्रीवेषधारी मुलाच्या गालांवर सफेद्यात किंचित हिंगूळ. सफेद्याच्या जोडीला मुरदाडशिंग नावाचा पिवळट पदार्थही चाले. तोही शिशाचाच. इकडे उत्तरेत रामलीला व नौटंकीच्या मंडळ्यांत तो ‘मुर्दासंख’ म्हणून ओळखला जातो, आणि दिल्लीच्या किनारी बाजारात रामलीलेचे मुकुट, दाढ्या व गदा पाहत हिंडताना आम्हांस ह्या नावाची प्रत्येक वेळी आठवण होते. नाटकमंडळीतील किती मुलांची पोटे दुखली, किती जणांचे हात पुढे कापू लागले, किती जण अकाली निस्तेज झाले, ह्याची नोंद कोणी ठेविली नाही. रात्रीच्या जाग्रणाने, नाहीतर व्यसनाने असे होते, असेच लोक समजत राहिले. नटाच्या वाट्यास आधीच बदनामी आलेली. तीत एका रोगाची भर पडली, इतकेच.

ह्यातून सुटका झाली ती दोन परक्या वस्तूंनी. एक, जस्ताचा सफेदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो मुबलक होऊ लागला व हळूहळू त्याने शिशाच्या सफेद्यास मागे सारले. दुसरी, चरबीत व मेणात रंग घोटून केलेल्या कांड्या. बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर नावाच्या ऑपेरागायकाने १८७३ साली ह्या कांड्यांचा कारखाना काढला. त्यांस क्रमांक असत, आणि पाच नंबर व नऊ नंबर मिळून गोऱ्या नटाचा चेहरा होतो हे तेथल्या नाटकी मंडळींना तोंडपाठ झाले होते. चित्रपट आल्यावर १९१४ च्या सुमारास मॅक्स फॅक्टरने त्याहून पातळ मलम काढले. ह्या विलायती कांड्या आपल्या मोठ्या शहरांतील नाटककंपन्यांना परवडत. कोकणातील दशावतारी नटाला त्या कशा परवडाव्यात? तो आपली पेटी आपल्या डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेस जाणार, देवळाच्या पडवीत आरसा गुडघ्यावर टेकवून आपले तोंड आपणच रंगविणार. त्याच्या पेटीत पुड्याच राहिल्या. हातांनी रंग कालवून अर्ध्या तासात स्वतःच्या चेहऱ्यावर नारद नाहीतर भीम उमटविणाऱ्या त्या कलावंतापुढे आम्हांस शहरातील कित्येक पगारी रंगभूषाकार फिके वाटतात. हे आमचे मत पक्षपाती असेल, परंतु ते बदलण्याचे कारण आम्हांस अजून दिसलेले नाही.

आता डोळ्यांकडे वळू. सामान्य बोलण्यात आपण काजळ, सुरमा आणि अंजन हे शब्द सरमिसळ वापरतो. वस्तुतः त्यांत फार मोठा भेद आहे. काजळ म्हणजे काजळी. तुपाच्या नाहीतर एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे किंवा काशाचे भांडे पालथे धरावे, जमलेली मस खरवडून तुपात खलावी, की झाले. त्यात कोळशाखेरीज काही नाही. आजीने घरी धरलेले काजळ निर्मळ असते, हे म्हणणे केवळ जुन्याच्या अभिमानापोटी नाही. सुरमा मात्र खनिज आहे. शब्दाचा मूळ अर्थ अँटिमनीचे खनिज असा असला, तरी बाजारात काळा चकचकीत खडा म्हणून जो मिळत आला तो पुष्कळदा गॅलिना म्हणजे शिसे व गंधक यांचा संयोग असतो. दोन्ही खडे डोळ्यांना सारखेच दिसतात. आयुर्वेदातील अंजनेही एक नाहीत. सौवीरांजन, स्रोतोंजन, नीलांजन ही खनिजे, तर रसांजन हा दारुहळदीचा काढा आटवून केलेला अर्क. चरकाने सौवीरांजन नित्य आणि रसांजन पाच किंवा आठ रात्रींनी एकदा घालण्यास सांगितले आहे.

ह्या बाबतीत मिसर देशातील एक शोध मोठा मनोरंजक आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील सुमारे तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या सुरमेदाण्यांतील भुकटी तपासली असता त्यात गॅलिनाबरोबर शिशाचे असे दोन क्षार सापडले, की जे निसर्गात फार विरळा आढळतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या तपासणीचा निष्कर्ष असा, की मिसरी लोक ते क्षार मुद्दाम तयार करीत. मुरदाडशिंग पाण्यात कालवून त्यात मीठ घालावयाचे, रोज वरचे पाणी बदलावयाचे आणि असे कित्येक आठवडे करावयाचे. म्हणजे ज्या मुरदाडशिंगाने आमच्या नटांचे गाल रंगले त्याच्यापासूनच नाईलकाठी डोळ्यांचे औषध होत होते! २०१० साली त्याच संशोधकांपैकी काहींनी असे दाखविले, की ह्या क्षारांचा अत्यल्प अंश कातडीच्या पेशींना रोगाशी झुंजण्यास उद्युक्त करू शकतो. प्राचीनांच्या बुद्धीविषयी आदर वाटावा असाच हा शोध आहे. पण त्याचा आधार घेऊन कोणी तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत बाजारचा सुरमा घालील तर तो अविचार ठरेल. मूल डोळा चोळते आणि तेच बोट तोंडात घालते. मुलांच्या रक्तात शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, हे आज जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. तीट लावावयाचीच असेल तर ती कपाळास किंवा गालास लावावी, तीही घरच्या काजळाची. दृष्ट तेवढ्यानेही टळते असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे.

ओठांविषयी थोडक्यात सांगतो, कारण मराठी घरात ओठ रंगविण्याचे काम मुख्यत्वे विड्यानेच केले. जुन्या काळी अळित्याचा म्हणजे लाखेच्या रंगाचा उपयोग होई. कामसूत्रातील नागरक सकाळी उठून प्रसाधन करतो तेव्हा त्याच्या सामग्रीत मेण आणि अळिता ही दोन नावे जवळजवळ येतात. रंगाला मेणाची जोड देण्याची ही युक्ती ध्यानात ठेवावी, कारण ती आपणांस थेट आपल्या आजीच्या फणेरपेटीपाशी आणून सोडते.

फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी असे. स्नान झाले की कपाळावर बोटाने मेणाचा वाटोळा ठिपका द्यावयाचा आणि त्यावर कोरडे कुंकू दाबून बसवावयाचे. घामाने न ओघळणारे, दिवसभर टिकणारे आणि जवळजवळ फुकट असे हे प्रसाधन आहे. कोणी आडवी चिरी रेखी, कोणी चंद्रकोर, आणि कपाळावरूनच बाईचे गाव व घर पुष्कळदा ओळखू येई. आम्ही दिल्लीत राहणारी मंडळी. येथे शेजारणी भांगात सिंदूर भरतात व आमच्या घरातील स्त्रिया कपाळास कुंकू लावतात. दोन्ही तांबडे, दोन्ही सौभाग्याची चिन्हे, पण पदार्थ अगदी वेगळे. परंपरेचा सिंदूर म्हणजे आपला शेंदूर, शिशाचे तांबडे भस्म. आपण तो मारुतीला व गणपतीला वाहिला आणि माणसाच्या कपाळासाठी हळदीचे कुंकू ठेविले, ही वाटणी ज्या कोणी केली त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

‘कुंकुम’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र हळदीशी संबंध ठेवीत नाही. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशात त्याची काश्मीरजन्म, बाह्लीक अशी नावे आहेत ती त्याच्या मुलखावरून पडली. केशराचा टिळा लावणे हे श्रीमंताचे काम. गरिबाने हळकुंड घेतले, त्याला लिंबाच्या रसात टाकणखार व तुरटी घालून मुरविले, सुकवून कुटले, आणि त्या तांबड्याभडक भुकटीस केशराचेच नाव दिले. हळदीचा पिवळा रंग आणि टाकणखारातील बोरॉन यांचा आंबट रसात संयोग झाला की तांबडे द्रव्य तयार होते, हे रसायनशास्त्रज्ञांनी पुष्कळ उशिरा सांगितले. आमच्या कुंकू करणाऱ्यांना ते हाताने ठाऊक होते. पुढे नाव इतके रुळले, की अस्सल वस्तूलाच ‘केशर’ ह्या दुसऱ्या नावाने ओळख द्यावी लागली. नकलेने मूळ वस्तूचे नाव पळविल्याचे असे उदाहरण भाषेत क्वचितच सापडेल, आणि आम्हांस तर ह्या चोरीत मोठा आनंद वाटतो. पंढरपूरच्या बाजारात बुक्क्याशेजारी ह्या कुंकवाच्या राशी लागतात. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव तर कुंकवाचे गाव म्हणूनच ओळखले जाते.

विसाव्या शतकात ह्या स्वस्त वस्तूलाही तिच्याहून स्वस्त नक्कल भेटली. कोळशाच्या डांबरापासून निघणारे रंग पिठात किंवा शंखजिऱ्यात मिसळले की हळदीची, लिंबाची व मुरविण्याच्या श्रमाची गरजच उरत नाही. त्यातील काही रंगांनी कपाळ काळवंडते, खाजते, चट्टे पडतात हे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविले आहे. मागाहून आलेल्या चिकट टिकलीच्या डिंकातील एका द्रव्याने त्याच जागी पांढरा डाग पडतो, आणि पांढऱ्या डागाची आपल्या समाजातील भीती लक्षात घेता ही गोष्ट एखाद्या मुलीच्या आयुष्यास पुरते. १९५२ साली मुंबईस टाटांच्या तेलगिरणीने लॅक्मे ही प्रसाधनांची कंपनी काढली, तेव्हा मध्यमवर्गीय स्त्रीस देशी डबी मिळाली खरी. परंतु पुडी घेणारीचे रक्षण कायद्यानेच करावयाचे होते. १९४० चा औषधविषयक कायदा १९६२ साली दुरुस्त करून त्यात प्रसाधने घातली गेली. रंगासाठी शिशाचे व सोमलाचे क्षार वापरण्यास नियमांनी मनाई केली, आणि रंगद्रव्यात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांस वीस भाग अशी ठरविली. नियम चांगला आहे. पण सुटी पुडी विकणाऱ्याच्या टोपलीवर नाव नसते, पत्ता नसतो, आणि निरीक्षकाने नमुना घ्यावा कोणाच्या नावावर? अमेरिकेतील न्यू जर्सीत व भारतात विकत घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे चार पंचमांश नमुन्यांत शिसे आढळले.

हे झाले वस्तूचे. कुंकवाची जी सर्वांत जड किंमत होती ती वस्तूत नव्हतीच. दिडकीला मिळणारी ही भुकटी नवरा वारल्याच्या दिवशी बाईच्या कपाळावरून पुसली जाई आणि मग तिला ती जन्मभर वर्ज्य. मेणाची डबी, करंडा, काजळ, सगळेच तिच्यापुरते संपले. बत्तीस वर्षांची असो की बारा वर्षांची. हळदीकुंकवाच्या समारंभात ती आतल्या खोलीत बसे व बाहेर ताट फिरत असे. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारावयाचे ते विचारले होते. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस उतरविण्यास नकार दिला. केशवपन कालांतराने बंद पडले. कुंकू पुसणे मात्र राहिले, कारण त्यास ना न्हावी लागतो ना शस्त्र. घरातल्याच बाईचा हात पुरतो.

करोनाच्या साथीत अनेक तरुण पुरुष गेले आणि त्यांच्या बायकांची कपाळे त्याच दिवशी, त्याच रीतीने पुसली गेली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने ही प्रथा बंद करण्याचा आग्रह धरला आणि मंडळाच्या संस्थापकांनी आपल्या मागे आपल्या पत्नीवर हे प्रकार करू नयेत असे प्रतिज्ञापत्रच करून दिले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्याच्या १७ तारखेस महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेविला. परिपत्रकाचे पुढे काय होते ते आम्ही रोजच पाहतो, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्या करमाळ्याहून ह्या गोष्टीस चालना मिळाली, त्याच करमाळा तालुक्यात केम हे कुंकवाचे गाव आहे.